चूक सांग, चहा घे

बेन आधी वास घ्यायच्या, मग माणसाला आत घ्यायच्या. सकाळी नऊला उंदरांच्या खोलीच्या दारात उभ्या राहायच्या आणि आपण समोर गेलो की नाक पुढं करायच्या. केसाला वासाचं तेल असलं, घरी परत. अगरबत्तीचा वास आला, घरी परत. उंदराला वासानं त्रास होतो म्हणे.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. नवी नोकरी म्हणून पहिल्या दिवशी मी गळ्यापासून गुडघ्यापर्यंत अत्तर चोपडून गेलो. असलं अत्तर, की रिक्षावाल्यानं वाटेत दोन्ही बाजूचे पडदे वर बांधले. बेननी दहा पावलांवरूनच हात वर केला.

"तू लग्नाला आला की नोकरीला?"

"नोकरीला, बेन."

"मग जा, नाहून ये नी. आतल्यांचं डोकं फिरेल."

आता माझं घर सुरतेच्या एका टोकाला भेस्तानला आणि ही लॅब दुसऱ्या टोकाला, कामरेजच्या पुढं. नाहायला घरी गेलो असतो तर परत येईस्तोवर सुट्टी झाली असती. मग बागेच्या नळाखाली बसलो. नोकरीचा पहिला दिवस मी माळ्याची लुंगी नेसून काढला.

बेन म्हणजे त्या लॅबच्या मोठ्या शास्त्रज्ञ. दारावरची अर्धी पाटी त्यांच्या डिग्र्यांनीच भरलेली. पण सगळे बेनच म्हणायचे, साहेब लोकसुद्धा. पक्क्या सुरती. मराठी कामगारांबरोबर राहून मराठी शिकल्या, पण त्यात गुजराती अशी मिसळायच्या की ऐकणाऱ्याला दोन्ही येत असल्यासारखं वाटायचं. मला 'भाऊ' म्हणायच्या. इथं आम्हा खानदेशी माणसांना सगळेच भाऊ म्हणतात, त्यात माझी काही कमाई नाही.

माझं शिक्षण म्हणाल तर मी सातवीत तीन वर्षं बसलो. तेवढ्यात दोन मास्तर बदलून गेले, मी बेंच सोडला नाही. मग सुरतेला आलो, कापडाच्या लूमवर लागलो. बारा मशीन एकटा सांभाळायचो. छातीत कापसासारखं काही भरलं, खोकला सुरू झाला, डॉक्टर म्हणाला लूम सोड. एका ओळखीच्यानं इथं चिकटवलं. काम काय, तर उंदरांचे पिंजरे बदलायचे, भुसा घालायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या. मी घरी बायकोला म्हणलं, आयुष्यभर घरातले उंदीर हाकलले, आता त्यांची चाकरी करायची.

पण हे उंदीर साधे नव्हते. बेननी पहिल्याच आठवड्यात मला समोर बसवलं. झाडूवाल्याला पण समजावून सांगायच्या त्या. न समजता काम करणाऱ्याचा हात आंधळा असतो, असं त्यांचं म्हणणं.

"भाऊ, फोडात पू होतो, तो जंतूमुळं. ठाऊक आहे?"

"हो बेन."

"त्यातला एक जंतू विष सोडतो. आपल्या अंगात वॉचमन आहेत, जंतूला पकडणारे. एक चोर आला तर दोन वॉचमन उठतात, बरोबर? हे विष काय करतं, एका कडीला लटकतं आणि सगळ्या सोसायटीचे वॉचमन एकदम उठवतं. मग ते चोराला नाही मारत. घरच फोडतात. ताप, झटके, माणूस खलास."

"आणि उंदीर?"

"उंदराची कडी वेगळ्या घाटाची. विषाला नीट धरताच येत नाही. उंदीर आरामात बसून राहतो, साला. म्हणून आम्ही माणसाच्या कडीचा नकाशा उंदरात घातला. आता तो माणसासारखा आजारी पडेल. मग त्याच्यावर औषध शोधता येईल."

मला एवढंच कळलं की उंदरात माणूस घातला. दोन दिवस मी पिंजऱ्यात वाकून बघत होतो, माणूस कुठून दिसतो ते. नाक बघितलं, हात बघितले. एकाला हळूच राम राम पण घातला. आणि भेस्तानला जाऊन चाळीत सांगितलं, आमचे उंदीर थोडे माणूस आहेत. शेजारची म्हातारी लगेच म्हणाली, "कोणत्या जातीचा माणूस घातला?" मी बेनना विचारलं. बेन इतक्या हसल्या की खुर्चीवरून उठून भिंतीला टेकल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "तिला सांग, कडीला जात नसते. विषाला पण नसते."

तेव्हापासून आमच्यात दोन नावं पडली. माणसाची कडी असलेले ते कडीवाले, आणि त्यांचेच भाऊबहीण पण कडी न मिळालेले, ते साधे. दिसायला दोन्ही एक. हात लावून, उलटं करून, शेपूट मोजून काही कळायचं नाही. कानाचा बारीक तुकडा मशीनमध्ये तपासला तरच कळायचं, आणि मग पिंजऱ्याला तसं कार्ड लागायचं.

बेनना 'का' विचारायचा रोग होता. हा उंदीर कोपऱ्यात का झोपतो? माळी डाव्या हातानं पाणी का घालतो? एकदा मला विचारलं, "बारा मशीन एकदम चालतात, त्यात सुताचा एक तार तुटला हे तुला कसं कळायचं?"

"आवाजावरून."

"एवढ्या आवाजात?"

"एवढ्या आवाजातच कळतं, बेन. गप्प खोलीत कोणाला पण कळेल."

दुसऱ्या रविवारी बेन भेस्तानला हजर. मी बनियनवर दारात उभा, हातात दात घासायची मशेरी. म्हणाल्या, चल, दाखव. मी त्यांना माझ्या जुन्या लूमच्या खात्यात नेलं. कानावर हात न ठेवता अर्धा दिवस उभ्या राहिल्या. कारागीर घाबरले, त्यांना वाटलं सरकारी बाई आली. बेन डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटी एकदम बोट केलं, "ती!" तिसरी मशीन. खरंच तार तुटला होता. अशा खूष झाल्या जशी लॉटरी लागली. बाहेर येऊन माझ्या तोंडाकडं बघत म्हणाल्या, "हा खोकला तू इथून घेऊन आलास होय."

त्यानंतर त्यांनी मला उंदरांच्या खोलीत रोज पाच मिनिटं नुसतं उभं राहायला लावलं. ऐक म्हणाल्या. आणि खरंच, एकदा मी ऐकून सांगितलं की वरच्या रांगेत एक बाटली गळते. निघाली. बेननी सगळ्यांना सांगितलं, "भाऊचा कान पक्का." माझी छाती फुगली. फुगलेल्या छातीचा माणूस किती मूर्ख असतो ते पुढं येतंच.

आता चहाचं. रोज चार वाजता मागच्या जिन्यावर स्टीलची किटली यायची. बेन स्वतः ओतायच्या. पण नियम होता, आज काय चुकलं ते आधी सांगायचं, मग कप. सगळ्यांना. साहेब असो, गेटवरचा सिक्युरिटी असो, नाहीतर बेनच्या हाताखाली शिकणारी हेतल असो. बेन स्वतःची पहिली सांगायच्या. "आज मी चश्मा डोक्यावर ठेवून चश्मा शोधला" असली नाही, खरी. आज मी हेतलला चारचौघांत ओरडले, चूक तिची नव्हती. असली.

कधी लोचो मागवायच्या. आमच्या सुरतेचा लोचो सगळ्यांना ठाऊक, खमणासारखा पण ढिला, चमच्यानं खायचा. बेन म्हणायच्या, "कोणाचा तरी खमण बिघडला, तेव्हा हा झाला म्हणतात. त्यानं लपवून गटारात टाकला असता तर आपण काय खाल्लं असतं?"

सिक्युरिटीनं एकदा विचारलं, बेन, ही चुकीची भानगड कुठून काढली? बेन कप फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, त्यांची लहान बहीण होती. पायाला फोड आला. तिसऱ्या दिवशी ताप, पाचव्या दिवशी गेली. "कुठंतरी काहीतरी चुकलं होतं. घरी चुकलं की दवाखान्यात, ठाऊक नाही. मी सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणाले, आमच्याकडून सगळं बरोबर झालं." मग किटली उचलून म्हणाल्या, "सगळ्यांचं बरोबर होतं आणि मुलगी गेली. चाल, तुझी सांग नी."

आणि मी काय करायचो? मी रोज खोटी सांगायचो.

खरी सांगायची भीती वाटायची असं नाही, सवयच लागली. पहिल्या दिवशी लुंगीची गोष्ट सांगितली, सगळे हसले. हसले की मला चढतं. मग रोज एक बनवायचो. आज मास्क डोळ्यावर बांधला आणि लाइट गेले म्हणून ओरडलो. वाफेची मोठी मशीन शिटी मारते, तिला सुपरवायझर समजून मी सलाम ठोकला. उंदीर चावेल म्हणून मी घाबरलो, तोच मला घाबरून मुतला. हेतल पोट धरून हसायची. बेन सगळ्यात जोरात. मला वाटायचं, भाऊ, काय हवा आहे आपली. तीन वर्षं मी खोट्या चुका विकून चहा प्यायलो.

मग खरी झाली.

पिंजरे बदलायचा बेनचा नियम एकच. एका वेळी एकच पिंजरा. जुना उघडा, उंदीर नव्यात टाका, कार्ड लगेच नव्याला लावा, मग पुढचा. कार्ड हातातून टेबलावर ठेवायचं नाही. आता मी बारा मशीन सांभाळणारा माणूस. एका वेळी एक म्हणजे मला पांगळ्यासारखं वाटायचं. लूमवर एका मशीनीवर हात आणि दुसरीवर डोळा असलाच पाहिजे, नाहीतर मालक हाकलतो. म्हणून बेन बघत नसल्या की मी जोडीनं करायचो. दोन पिंजरे उघडे, दोन्ही कार्डं टेबलावर. फटाफट.

त्या टेबलावर स्वच्छ हवेचा पंखा असतो, जाळीतून सतत वारा येतो. त्या दिवशी मला खोकल्याची उबळ आली, मी तोंड फिरवलं, हात लागला आणि दोन्ही कार्डं उडून खाली. उचलली. एक कडीवाल्यांचं, एक साध्यांचं. उंदरांच्या कानाला खुणा असतात, पण त्या खुणा प्रत्येक पिंजऱ्यात सारख्याच, एक ते पाच. दोन्हीकडं पाच पाच उंदीर, दोन्हीकडं त्याच खुणा. मी कार्डांकडं बघितलं, उंदरांकडं बघितलं. उंदरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, डावीकडचं डावीकडंच असेल. आणि लावून टाकलं.

त्या दिवशी चहाला मी सांगितलं की मी चुकून उंदराचा खाऊ चाखला. सगळे हसले.

पुढच्या आठवड्यात हेतलनं त्याच दोन पिंजऱ्यांना विष टोचलं. कडीवाले आजारी पडायला पाहिजेत, साधे ठणठणीत राहायला पाहिजेत. झालं उलटं. साध्याच्या कार्डाखालचे पाचही कुबड काढून, केस उभे करून बसले. कडीवाल्याच्या कार्डाखालचे पाच मजेत भुसा उकरत होते.

हेतल रडकुंडीला आली. पण बेन! बेन तर लहान पोरीसारख्या झाल्या. "म्हणजे विषाला दुसरा दरवाजा आहे! कडी नाही, दुसरा!" भिंतीवरचा सगळा पांढरा बोर्ड भरून टाकला. जेवण विसरल्या. माझ्यापुढं उभ्या राहून विचारायच्या, "भाऊ, बोल नी, कुठून शिरलं असेल?" जशी काय सातवीवाल्याला उत्तर ठाऊक आहे. आणि खरी गंमत ही की त्या अख्ख्या बिल्डिंगीत उत्तर फक्त सातवीवाल्यालाच ठाऊक होतं.

हेतलनं एकदा विचारलं होतं. "बेन, कान परत तपासू का? पिंजरे बदलले असतील तर?"

बेन माझ्याकडं वळल्या. "भाऊ, कार्डं इकडची तिकडं तर नाही ना झाली?"

त्याच आठवड्यात मला परमनंट करायचा कागद त्यांच्या टेबलावर होता. मी त्यावर माझं नाव बघितलं होतं, अक्षरं जुळवून वाचलं होतं. मी म्हणलं, "नाही बेन."

बेन हेतलला म्हणाल्या, "झालं. माणसानं सांगितल्यावर मशीनला विचारायचं नाही. त्याचा कान पक्का आहे."

सोमवारी दिल्लीची माणसं येणार होती. बेनचं हे काम पुढं चालू ठेवायचं की बंद करायचं, ते ठरवायला. बेन त्यांना हा नवा दरवाजा दाखवणार होत्या. म्हणजे चार मोठ्या माणसांपुढं त्या बोर्डाशी उभ्या राहून माझ्या खोकल्याचं शास्त्र सांगणार होत्या. आज ना उद्या कोणीतरी कान तपासणारच. मग ते बेनना हसणार, आणि बहिणीपासून सुरू झालेलं सगळं तिथंच बंद होणार.

रविवारी माझ्या ताटातली भाकरी तशीच राहिली. बायको म्हणाली, "तुमले काय व्हयनं?"

सांगितलं तिला. मला वाटलं, परमनंटचं ऐकून गप्प राहा म्हणेल. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "रोज खोट्या सांगतस ना तुम्ही? मंग आते खरी सांगाले काय व्हस?"

सोमवारी दिल्लीवाले संध्याकाळी पाचला येणार होते. चार वाजता किटली आली. बेन नवी कॉटनची साडी नेसलेल्या, हातावर पेनानं आकडे लिहिलेले. सिक्युरिटीनं त्याची चूक सांगितली, हेतलनं सांगितली. माझा नंबर आला.

मी म्हणलं, "मी दोन पिंजरे एकदम उघडले. कार्डं वाऱ्यानं उडाली. अंदाजानं लावली. ते साधे होते ना, ते कडीवाले असतील."

हेतल फसकन हसली. "काका, आज तर भारीच!" सिक्युरिटीनं माझ्या पाठीत थाप मारली. "त्याच्या मारी, दिल्लीवाल्यांना पण हेच सांग!" साहेबसुद्धा हसले. मी पण हसलो असेन, तोंडाला सवय.

बेन हसल्या नाहीत.

"कोणती कार्डं?"

मी नंबर सांगितले.

"कधी?"

"टोचायच्या आधीच्या आठवड्यात. त्या दिवशी मी खाऊ चाखला म्हणलं होतं."

हेतलचं हसणं अर्ध्यातच थांबलं. बेननी तिच्याकडं बघितलं, ती उठून पळाली, तपासायच्या खोलीत. मशीनला दोन-तीन तास लागतात. पण बेनना लागले नाहीत. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, जशा त्या लूमखात्यात डोळे मिटून ऐकत होत्या तशा. मग त्या किटली हातात धरून म्हणाल्या, "आज माझी सांगायची राहिली. मी तुझ्यावर भरोसा ठेवला, ही चूक नाही. भरोसा ठेवून कान नाही तपासला, ही चूक."

मग माझा कप ओढून घेतला आणि काठोकाठ भरला.

"घे. तीन वर्षांत आज पहिल्यांदा कमावलास."

मी म्हणलं, "बेन, म्हणजे बाकीच्या..."

"डोबा, मूर्खा. उंदराचा खाऊ कोणी चुकून चाखतो? तो डब्यात कुलूप लावून असतो."

सगळ्या ठाऊक होत्या त्यांना. पहिल्या दिवसापासून.

पाच वाजता बेननी दिल्लीवाल्यांपुढं तो भरलेला बोर्ड तसाच ठेवला आणि सांगितलं, हे सगळं चुकलेलं आहे, कसं चुकलं ते ऐका. मी दाराच्या काचेतून बघत होतो. मला वाटलं आता माझ्याकडं बोट करतील. नाही केलं. हातानं दोन कार्डं उडवून दाखवली, स्वतःच वाकून उचलली. एक म्हातारे साहेब खुर्चीत पुढं सरकून ऐकायला लागले. साडेसहाला, ते उठायच्या आधीच, हेतल धावत गेली, कानांचा रिपोर्ट घेऊन. दहाच्या दहा उलटे. काम बंद नाही झालं. एक वर्ष वाढवून मिळालं, आणि अट घातली की टोचण्याआधी कान परत तपासायचे.

माझा परमनंटचा कागद बेननी सहा महिने ड्रॉवरमध्ये ठेवला. "खोटं बोललास, त्याचे सहा महिने." मी म्हणलं, बरोबर आहे. सहा महिने मी एका वेळी एकच पिंजरा केला. पांगळ्यासारखं वाटत राहिलं. आता सवय झाली, आता घरी भाजीची पिशवी पण एका वेळी एकच उघडतो, बायको वैतागते.

बेन रिटायर होऊन बारडोलीला राहायला गेल्या. उसाचं गाळप सुरू झालं की कारखान्याच्या मळीचा वास अख्ख्या गावावर बसतो. मी म्हणलं, बेन, जन्मभर लोकांचे वास हुंगले त्याची ही शिक्षा. इकडं नवीन साहेब चांगले आहेत. चहा मशीनमधून येतो, बटण दाबलं की. काही सांगावं लागत नाही.

पण बेनचा फोन येतो. पहिला प्रश्न, "बोल नी भाऊ, काय चुकलं?" मी सवयीनं एखादी बनवतो. त्या खळखळून हसतात आणि म्हणतात, दुसरी सांग. मग मला खरी शोधावी लागते. मी एवढं शिकलोय की खोटीला त्या हसतात. खरी असली की पलीकडं आवाज बंद होतो, लूमवर तार तुटल्यावर होतो तसा.

परवा चारच्या सुमाराला फोन आला. मी एक सांगितली. ती तुम्हाला नाही सांगणार, ती बायकोशी झालेल्या भांडणाची आहे. पलीकडून काही आवाज नाही. मी थांबलो. तरी नाही.

मग मी खांद्यावर फोन दाबला आणि कपात चहा ओतून घेतला.